टी-शर्ट छपाईच्या दुकानात ऑटोमेशन करायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की चिपळूणला तुमचं टी-शर्ट छपाईचं दुकान आहे, एक डीटीएफ प्रिंटर (आधी खास फिल्मवर छापायचं, त्यावर गोंदाची पावडर टाकायची आणि मग ते कापडावर दाबायचं), एक हीट प्रेस म्हणजे तापवून दाबायचं यंत्र आणि हाताखाली दोन पोरं. सीझनला काम आवरत नाही, तर कुठलं सॉफ्टवेअर घेतलं म्हणजे वेग वाढेल? माझं कुडाळला जवळजवळ असंच दुकान आहे, म्हणून लिहितोय.

सॉफ्टवेअर इतक्यात विकत घेऊ नका. आधी एका ऑर्डरचा वेळ वहीत लिहून काढा. मी २२ जर्सींच्या एका क्रिकेट टीमचा काढला होता. प्रेसवरचं काम तासाभराचंही नव्हतं. नावं, नंबर आणि साइज गोळा करण्यात मात्र तीन दिवस गेले. कॅप्टन अर्धी यादी वहीचा फोटो काढून पाठवणार, उरलेली व्हॉइस मेसेजवर सांगणार, आणि रात्री साडेअकराला ‘तो लार्ज नको, एक्सएल कर’ असा निरोप येणार. कोण ‘तो’, ते आपण शोधायचं. प्रिंटर कितीही वेगवान आणलात तरी हे तीन दिवस कमी होत नाहीत.

म्हणून मी पहिल्यांदा यादीलाच हात घातला. प्रत्येक ऑर्डरला एक नंबर आणि एक गुगल फॉर्म. लिंक कॅप्टनला द्यायची, त्याने टीमच्या ग्रुपवर टाकायची आणि प्रत्येक खेळाडूने आपापलं भरायचं. साइज टाइप करू द्यायची नाही, यादीतून निवडायला लावायची, आणि समोर छातीचं माप इंचात लिहायचं: ३८, ४०, ४२. एका कंपनीचा लार्ज दुसऱ्या कंपनीचा मिडियम निघतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. लोगो मात्र फॉर्ममधून मागू नका. फाइल चढवायला गुगलचं लॉगिन लागतं आणि निम्मी पोरं तिथेच कंटाळतात. लोगो व्हॉट्सॲपवरच घ्या, पण फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. फोटो केला की व्हॉट्सॲप त्याचा चोथा करतं.

उत्तरं गुगल शीटमध्ये येतात आणि तिथे ॲप्स स्क्रिप्ट, म्हणजे शीटला जोडलेला छोटा प्रोग्राम, काम करते. माझ्या भाच्याने एका रविवारी लिहून दिली. एकाच टीममध्ये दोघांनी एकच नंबर मागितला तर ओळ लाल होते. कापड सुती आणि छपाई सबलिमेशन (उष्णतेने शाईची वाफ होऊन ती कापडात शिरते ती छपाई) असं कोणी निवडलं तरी लाल, कारण सबलिमेशन पॉलिस्टरवरच बसतं. एक खोड आधीच काढून टाका: कोणी नंबर मराठी आकड्यात टाकतो, कोणी इंग्रजी. स्क्रिप्टच्या लेखी ‘७’ आणि ‘7’ वेगळे असतात, म्हणून तपासण्याआधी सगळे एका जातीचे करून घ्यावे लागतात. व्हॉट्सॲपवर आपोआप मेसेज पाठवायला बिझनेस एपीआयचा खटाटोप आहे, आपल्याएवढ्या दुकानाला तो नको. शीटमध्ये प्रत्येक ऑर्डरसमोर मजकूर भरलेली व्हॉट्सॲपची लिंक तयार होते, पोरगा क्लिक करतो आणि ‘पाठवा’ दाबतो. एवढं पुरतं.

आता खरी डोकेदुखी: देवनागरी. परदेशी लोकांचे ऑटोमेशनचे व्हिडिओ बघून हे कळत नाही, कारण त्यांना पाठीवर ‘स्मिथ’ छापायचं असतं आणि आपल्याला ‘पऱ्या’. आपल्याकडचे बरेच डिझायनर अजून जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरवून दिलेला सगळीकडे चालणारा क्रमांक) नसलेल्या फॉन्टांवर काम करतात. शीटमधलं नाव युनिकोडमध्ये असतं. ते त्या फॉन्टात ओतलं की चौकोन नाहीतर भलतीच अक्षरं येतात. युनिकोड फॉन्ट घेतला तरी इलस्ट्रेटरमध्ये किंवा जुन्या फोटोशॉपमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठीची मांडणी चालू केलेली नसेल तर वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला आणि जोडाक्षरं फुटलेली. एक्सेलमधून सीएसव्ही (साध्या मजकुरातली यादी) काढताना यूटीएफ-८ ही युनिकोडची पद्धत निवडली नाही तर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

मी शेवटी इंकस्केप या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर आलो. फुकट आहे आणि देवनागरी नीट जुळवतं. त्याची एसव्हीजी फाइल म्हणजे मुळात मजकूरच असतो. डिझाइनमध्ये नावाच्या जागी एक खुणेचा शब्द ठेवायचा. पायथन भाषेतली छोटी स्क्रिप्ट शीटमधली एकेक ओळ घेऊन तो शब्द बदलते आणि ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी चित्रफाइल काढते. २२ नावं चहा होईतो तयार. फॉन्ट मुक्ता किंवा बलू घ्या, दोन्ही मोफत आहेत, आणि बलूचं जाड वजन पाठीवर लांबून वाचता येतं. लांब नाव मावत नसेल तर अक्षरं आडवी दाबू नका, आकार कमी करा. माझ्याकडे चाचणीची एक ओळ कायम असते: पऱ्या, सिद्धेश, श्रीकृष्ण, ज्ञानू. ही चार नावं नीट आली की बाकीची येतात. पऱ्याचा पर्या झाला तर तो पोरगा जर्सी परत आणून देतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

पीएनजी प्रिंटरच्या आरआयपी सॉफ्टवेअरच्या (चित्र छपाईसाठी तयार करून प्रिंटरला देणारं) हॉट फोल्डरमध्ये पडतात, त्यात पडलेली फाइल ते आपोआप उचलतं. खालचा पांढरा थर तेच पारदर्शकतेवरून बनवतं आणि ६० सेंटीमीटरच्या रोलवर नावं-नंबर दाटीने मांडतं. तुमच्या आरआयपीत ही सोय आहे का ते आधी बघा. बऱ्याचदा असते, कोणी उघडून पाहिलेली नसते.

आता माझी फजिती. पहिल्या वर्षी फॉर्म नव्हता, कॅप्टनला सरळ शीटच उघडी दिली होती. त्याने नावं अकारविल्हे लावली, पण फक्त नावांचा रकाना. नंबर आणि साइज होते तिथेच राहिले. स्क्रिप्टने निमूट सगळं बनवलं आणि मीही ‘मशीनने केलंय’ म्हणून न बघता फिल्म काढली. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी फोन: ‘दादानू, ह्या काय केल्यात?’ २२ पैकी एकाच पोराचं नाव, नंबर आणि साइज जुळत होतं, तेही योगायोगाने. दाबलेलं डीटीएफ सहजी निघत नाही. जर्सी नव्या आणल्या, पैसे माझे गेले.

तेव्हापासून मधे एक थांबा आहे, आणि तो मी मुद्दाम ऑटोमॅटिक केलेला नाही. स्क्रिप्ट सगळ्या पाठींचं एक चित्र बनवते, ते कॅप्टनकडे जातं आणि त्याचं ‘बरोबर’ असं उत्तर आल्यावर मी स्वतः शीटमध्ये खूण करतो. खूण झाल्याशिवाय फाइल हॉट फोल्डरमध्ये जात नाही, आणि त्यानंतर यादी कुलूपबंद. खूण झाली की जॉब कार्ड छापून निघतं. त्यावर कापड, तापमान, सेकंद सगळं लिहिलेलं असतं. माझ्या प्रेसवर सुतीवर डीटीएफला १५५ अंश आणि १५ सेकंद, सबलिमेशनला २०० अंश आणि ५० सेकंद. तुमचे आकडे तुमच्या फिल्मप्रमाणे ठरवा, पण कार्डावर लिहा, म्हणजे पोरगा दर दहा मिनिटांनी विचारायला येत नाही.

पावसाळ्याला यातलं काही उपयोगाचं नाही. हवेतल्या ओलीने पावडर गुठळ्या धरते आणि फिल्म घामेजते, त्याला डीह्युमिडिफायरच हवा. लाइट गेली की पांढऱ्या शाईतलं टायटॅनियम डायऑक्साइड तळाला बसून हेड तुंबतं, म्हणून निदान शाई फिरवणारी मोटर इन्व्हर्टरवर घ्या. डिझाइनच्या फाइली ऑर्डर नंबरच्या फोल्डरात ड्राइव्हवर ठेवा. जुलै २०२१ चा पूर पाहिलेल्या चिपळूणकराला याचं कारण सांगायची गरज नाही.

हे सगळं गणपतीच्या तोंडावर सुरू करू नका. गोपाळकाल्यापासून चतुर्थीपर्यंत जेमतेम दहा-अकरा दिवस मिळतात, त्यात नवी स्क्रिप्ट बसवायला गेलात तर चाकरमानी गावात पोचतील आणि टी-शर्ट दुकानातच राहतील. हिवाळ्यात क्रिकेटच्या टीमा येतात, त्यातली ओळखीतली एक निवडा, चुकलं तर शिव्या देऊन गप्प बसेल अशी. पहिल्या ऑर्डरला फक्त फॉर्म लावा, बाकी सगळं नेहमीसारखं हातानेच करा.