लाल दिवा विझत नाही

प्रश्न : मेस्त्री मामा, नमस्कार. माझ्याकडे वडिलांची 1976 सालची यझदी 250 मोटारसायकल आहे, 6 व्होल्टवाली. गेल्या पावसाळ्यापासून हेडलाइटवरचा चार्जिंगचा लाल दिवा कितीही रेस दिली तरी विझत नाही, मंद पेटून राहतो. दोन बॅटऱ्या बदलल्या. नवी बॅटरी आठ-दहा दिवस चालते. मग बेळगावहून येताना संध्याकाळी लाइट लावली, की खानापूर यायच्या आत गाडी फुसफुस करून बंद. आता मेकॅनिक म्हणतो, चार्जिंगचे व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर बदला. बदलू का? (एक वाचक, नंदगड)

उत्तर : थांबा की जरा. दोन बॅटऱ्यांचे पैसे गेले ते गेले, तिसरी वस्तू तपासल्याशिवाय आणू नका.

त्या लाल दिव्याच्या एका अंगाला बॅटरी आहे, दुसऱ्या अंगाला डायनामो, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणारे यंत्र. दोन्हीकडे व्होल्टेज सारखे झाले की दिवा विझतो. तुमचा मंद पेटतो, म्हणजे दोन्हीकडे फरक आहे. कुठली बाजू कमी, एवढेच शोधायचे. यझदीला ठिणगीही बॅटरीतूनच मिळते, म्हणून बॅटरी उतरली की लाइटबरोबर इंजिनही जाते.

साधा मल्टिमीटर घ्या. इंजिन बंद असताना चांगली चार्ज झालेली बॅटरी 6.3 च्या आसपास दाखवते. इंजिन सुरू करून चांगली रेस द्या. बॅटरीवर 7 ते 7.2 दिसले पाहिजे. आता डायनामोच्या डी लिहिलेल्या टर्मिनलवर बघा. तिथे 7 आणि बॅटरीवर 6, तर डायनामो ठीक आहे. वाटेत करंट अडतोय. रेग्युलेटरमधल्या कटआउटचे, म्हणजे डायनामो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे, पॉइंट जळाले असतील, नाहीतर अर्थिंगची वायर गंजली असेल. डायनामोवरच कमी असेल, तर उजव्या बाजूचे झाकण उघडा. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर मात्र काढायची नाही, बल्ब उडतील.

माझा अंदाज ब्रशवर, म्हणजे डायनामोतून वीज बाहेर आणणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांवर, आहे. टू-स्ट्रोक इंजिन, त्यात त्या बाजूचे ऑइल सील म्हातारे झाले की पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल डायनामोत उतरते. त्यात कार्बनची भुकटी मिसळून काळा चिखल होतो आणि ब्रश खोबणीत अडकून बसतो. बारीक स्क्रूड्रायव्हरने स्प्रिंग उचला, ब्रश बोटाने वर-खाली करून बघा. नुसत्या स्प्रिंगच्या दाबाने तो टचकन खाली बसला पाहिजे. तुमचा बहुतेक आळसावलेल्या बैलासारखा हलेल. बाहेर काढून पेट्रोलच्या फडक्याने पुसा. झिजून स्प्रिंग टेकायला आला असेल तर दोन्ही ब्रश जोडीने बदला. कम्युटेटर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतो ते तांब्याच्या पट्ट्यांचे गोल कडे, चॉकलेटी, चकचकीत हवा. काळा असेल तर बारीक काचपेपरची पट्टी फिरवा. एमरी पेपर नको, त्याची भुकटी फटीत बसून शॉर्ट करते. फटींतला कार्बन हॅकसॉ ब्लेडच्या तुकड्याने हलकेच खरवडा.

कम्युटेटरला खाच पडली असेल तर ते घरी होणारे काम नाही. आर्मेचर, म्हणजे डायनामोचा फिरणारा भाग, क्रँकच्या टेपरवर (निमुळत्या टोकावर) घट्ट बसलेले असते. हातोडा मारून काढू नका, क्रँक वाकते. त्याचा काढायचा बोल्ट वेगळा मिळतो. बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटाच्या पुढे उद्यमबागेत लेथवाल्यांना तोटा नाही, पण आधी विचारा, कम्युटेटर घासलाय का कधी? जो नुसता ‘हो’ म्हणतो त्याच्यापेक्षा जो ‘किती एमएम राहिलंय बघू’ म्हणतो त्याच्याकडे द्या.

माझीही फजिती झालेली आहे. दुकान नवे होते तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या जावा मोटारसायकलला मी झटक्यात नवा रेग्युलेटर बसवला. दुसऱ्या दिवशी तोच माणूस, तोच लाल दिवा. झाकण उघडले तर ब्रश चिकटलेला. रेग्युलेटरचे पैसे परत द्यावे लागले, वर चहा माझ्याकडून.

आणखी एक. हा डायनामो 45 वॉटचा. हेडलाइट 35, मागचा 5, शिवाय इग्निशन कॉइल. रात्री हिशोब जेमतेम जुळतो, आणि बाजारात रांगत चालवली की तेवढेही बनत नाही. कुणी हौसेने मोठा बल्ब टाकला असेल तर तो आधी काढा.

प्रश्न : माझ्या गाडीचे उलटे आहे. चावी फिरवली तरी लाल दिवा पेटतच नाही. गाडी मात्र सुरू होते. काळजी करू का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : आधी दिव्याचा बल्ब बघा, बहुतेकदा तोच गेलेला असतो. बल्ब चांगला असेल तर इंजिन बंद ठेवून चावी फिरवा, डायनामोच्या डी टर्मिनलची वायर सोडवून क्षणभर इंजिनच्या उघड्या धातूला लावा. दिवा पेटला, म्हणजे वायरिंग ठीक आहे आणि ब्रश कम्युटेटरला टेकतच नाही. मग वरचे नंदगडकरांचे उत्तर वाचा आणि फडके-पेट्रोल घेऊन बसा.