आई समुद्रावर एकटीच राहते, काळजी करावी का?

"मॅडम, आई वलसाडजवळच्या तिथलच्या किनाऱ्यावर जाऊन महिनाभर एकटी राहते. वाळूत उभी राहून तेलरंगात चित्रं करते. फोन उचलत नाही. बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यापासून हे सुरू झालंय. हे डिप्रेशन तर नाही ना?"

विचारणारा मुलगा बडोद्यातच औषधांच्या कारखान्यात नोकरीला आहे. घर दांडिया बाजारात, एकत्र. आई बँकेतून निवृत्त, साठीच्या पुढची. इथे मी त्यांना काकू म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हा प्रश्न माझ्याकडे नाना रूपांत येतो. वडील गावाकडच्या घरी जाऊन राहिलेत, आजी दार लावून वाचत बसते, मावशीने लग्नकार्याला जाणं सोडलंय. जोडीदार गेलेलं माणूस एकटं राहू लागलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो, आणि त्यात चूक काही नाही. दुःखात माणूस खरोखर आक्रसत जाऊ शकतं. ही शंका मी कधी हसण्यावारी नेत नाही.

पण नुसतं एकटं राहणं म्हणजे आजार नव्हे. मी आधी विचारते ते हे: झोप लागते का, जेवण जातं का, आंघोळ-कपड्यांकडे लक्ष आहे का, आवडीच्या गोष्टीत अजून रस आहे का, "आता जगून काय करायचंय" असं काही बोलण्यात येतं का. उदासी आणि अशा तक्रारी सलग दोन आठवडे, दिवसाचा बराचसा वेळ टिकल्या तर मानसोपचारतज्ज्ञांना गाठायचं. जगण्याबद्दलचं तसं बोलणं कानावर आलं तर दोन आठवडेही थांबायचं नाही. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत आणि गुजरातीतही बोलता येतं.

मुलाकडे यातल्या एकाही प्रश्नाचं नेमकं उत्तर नव्हतं. फोन उचलत नाही, एवढंच त्याला ठाम माहीत होतं.

काकू आल्या त्या घुश्शातच. "मला काय झालंय म्हणून इथे आणलंय?" मी चित्रांबद्दल विचारलं. मग त्या बोलत राहिल्या आणि मला फारसं काही विचारावं लागलं नाही.

बडोद्याला बाहेर बसून चित्र काढणाऱ्याचं अप्रूप नाही. इथल्या विद्यापीठाचं फाइन आर्ट्स 1950 मध्ये सुरू झालं, तिथे शिकवायला इंदूरचे चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे आले, आणि आजही कमाटीबागेत बोर्ड घेऊन बसलेली मुलं दिसतात. काकूही आधी तिथेच बसायच्या. तिथलला एकदा सहलीला गेल्या आणि ओहोटीला उघडी पडलेली काळी वाळू डोळ्यांत राहिली. ओल्या वाळूत आकाश उतरतं, तेवढंच त्यांना रंगवायचं असतं.

"मग शनिवार-रविवार जाऊन ये ना," असं मुलगा म्हणतो. काकूंनी मला त्याचं उत्तर दिलं, ते मी जसंच्या तसं लक्षात ठेवलंय. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी आठला जिथे ओली वाळू आहे तिथे चार दिवसांनी त्याच वेळी पाणी असेल. तोच उजेड आणि तेच पाणी पुन्हा जुळायला पंधरवडा लागतो. म्हणून त्यांचे पाच-सहा बोर्ड एकाच वेळी चालू असतात आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलने तिथी लिहिलेली असते. शुद्ध पंचमीला सुरू केलेला बोर्ड वद्य पंचमीला पुन्हा बाहेर निघतो. तेलरंगालाही हा अवकाश मानवतो. तो पाण्याच्या रंगासारखा उडून वाळत नाही, त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू घट्ट होतं, आणि गारठ्यात आणखी सावकाश. पहिला पातळ थर पंधरा दिवसांत धरतो, मग वरून जास्त तेलाचा थर देता येतो. एक चित्र म्हणजे किमान एक पंधरवडा. महिना कशाला लागतो, ते मला तिथे कळलं.

फ्रान्समधल्या एत्रताच्या किनाऱ्यावर 1885 च्या नोव्हेंबरात चित्रकार क्लोद मोनेचा भरतीचा अंदाज चुकला आणि लाटेने त्याला सामानासकट कड्यावर आपटलं, हेही त्यांनीच सांगितलं. मी लगेच विचारलं, "आणि तुम्ही?" त्यांनी पर्समधून घडी घातलेलं भरतीचं वेळापत्रक काढलं. शिवाय चहावाला आहेच: "बा, आजे भरती मोडी छे," म्हणजे आई, आज भरती उशिरा आहे, असं तो ओरडून सांगतो. ईझलला, म्हणजे चित्राच्या घोडीला, वाऱ्यासाठी वाळूची पिशवी बांधतात. तेलाने माखलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकतात. संध्याकाळी खोलीच्या मालकीणबाईंकडे भाकरी-वांग्याची भाजी जेवतात. झोप छान लागते. रडू येतं का? "येतं की. सूर्य बुडताना येतंच. मग ब्रश धुते."

माझी खात्री झाली ती चिंध्यांच्या डब्यामुळे. जे माणूस स्वतःला इतकं जपतंय, पंधरा दिवसांपुढचं काम ठरवून ठेवतंय, चहावाल्याशी बोलतंय, ते आक्रसत चाललेलं नाही. सूर्यास्ताला येणारं रडू हे दुःख आहे, आजार नाही, आणि ते अमुक महिन्यांत संपलं पाहिजे असा नियम कुणी केलेला नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकली. बडोद्यात असताना काकूंनी भिशी आणि भजनी मंडळ दोन्ही सोडलं होतं. "तिथे गेलं की आधी माझ्याकडे बघून सुस्कारे टाकतात, मग चहा देतात." कारण पटण्यासारखं होतं, पण वर्षाचे उरलेले महिने घरात बसून काढणं मला बरं वाटेना. तसं मी स्पष्ट सांगितलं. मंडळ नको तर नको, दोन मैत्रिणींना एकेकटीला भेटायचं त्यांनी कबूल केलं.

मग मायलेक एकत्र बसले तेव्हा फोनचा उलगडा झाला. मुलाचा कारखाना नऊला सुरू होतो आणि आत फोन नेता येत नाही. म्हणून तो आठला बाहेर पडताना आईला फोन करायचा. आठला काकूंच्या हातात रंगाचा चाकू, बोटं पांढऱ्या रंगाने बरबटलेली, आणि तो तिरपा उजेड जेमतेम तास-दीड तास टिकणारा. फोन वाजत राहायचा. तिने उचलला नाही की याचा अख्खा दिवस काळजीत, आणि ती दुपारी करायची तेव्हा याचा फोन लॉकरमध्ये. दोघांनी एकमेकांवर रुसून दोन हिवाळे काढले होते!

साडेसहाला फोन करायचं ठरलं, ती किनाऱ्यावर निघायच्या आधी. दुपारी तिने बोर्डाचा फोटो पाठवायचा, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत तो बघेल. मुलाने आणखी एक मागितलं: मालकीणबाईंचा नंबर. काकूंनी जरा का-कू केलं, मग दिला.

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, काकू घरी आल्या, उंधियू केला, नातवाच्या पतंगाची फिरकी धरली. वद्य अष्टमीचा एक बोर्ड अर्धा राहिला होता, म्हणून पुन्हा निघाल्या. या वेळी वलसाडचं तिकीट मुलानेच काढून दिलं. परतीचं काढलेलं नाही, तारीख आई कळवणार आहे.