राजीनामा जुलैत द्या, नाताळाआधी नको

सलाम ताई,

तुमचं पत्र मिळालं आणि कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मांडलेल्या हिशेबाचा फोटोही. इतरांसाठी प्रश्न थोडक्यात सांगते. ताई कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका खासगी फर्ममध्ये अकाउंट्स बघतात, हातात ३८,००० येतात. यजमान गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत आहेत, त्यांचे ५२,०००. मुलगी पाच वर्षांची, मुलगा चौदा महिन्यांचा. कळंब्याच्या फ्लॅटचा हप्ता १९,५०० आणि अजून सतरा वर्षं बाकी. घर आणि लेकरं हेच आपलं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, आहे, असं गेलं वर्षभर प्रार्थनेत त्यांना वाटतं आहे. येत्या नाताळाआधी नोकरी सोडावी का, असं त्या विचारतात.

पत्रातली एक ओळ माझ्या मनातून जात नाही. बाळानं पहिलं पाऊल टाकलं ते आयाबाईंच्या ओसरीवर. व्हिडिओ तुम्हाला दुपारी तीनला आला तेव्हा समोर जीएसटीचं रिटर्न होतं. तुम्ही आवाज बंद करून तो पाहिला आणि फोन पालथा ठेवला. मीही दोन लेकरांची आई आहे आणि रविवारी तुमच्यासारखीच उपासनेला बसते. म्हणून सांगते, या ओढीचं मोल मी रुपयांत करणार नाही. हे पाचारण आहे की नुसता थकवा, ते तुम्ही दोघं आणि पाळकसाहेब गुडघ्यावर बसून ठरवाल. माझं काम लूकच्या चौदाव्या अध्यायातलं आहे: बुरूज बांधायला निघालेल्या माणसानं आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, तेवढंच.

तर अंदाज घेऊ. नोकरी सोडली की ३८,००० जातील असं तुम्ही धरलंय. तसं नाही. आयाबाईंचे ७,०००, मुलीला शाळेनंतर सांभाळणाऱ्यांचे २,५००, गाडीचं पेट्रोल २,५००, बाहेरचा डबा आणि किरकोळ १,५००, म्हणजे १३,५०० रुपये नोकरीच खाते. तुमच्या पगारावरचा दशांश, म्हणजे चर्चला द्यायचा दहावा हिस्सा, ३,८०० आहे, तोही पगाराबरोबर थांबेल. घराला तुमची खरी कमाई उरते २०,७००. रक्कम मोठीच आहे, पण ३८,००० नाही.

आता यजमानांचे ५२,००० मांडू. हप्ता १९,५००, दशांश ५,२००, मुलीची फी ३,५००, सासूबाईंची औषधं १,८००, किराणा-दूध-गॅस १३,०००, वीज-फोन-मेंटेनन्स ३,५००, यजमानांचं पेट्रोल २,५००, विम्याचा हप्ता २,०००. बेरीज ५१,०००. हजार रुपये उरतात. संसार चालेल, पण एखादा आजार किंवा फाउंड्रीत ऑर्डर कमी झालेला एखादा महिना त्यात बसत नाही.

म्हणून माझं उत्तर असं: जा, पण आठ महिन्यांनी जा. तुम्ही हिशेबाच्या बाई आहात, कारण वाचलं की पटेल.

आज तुमची नोकरी नऊ वर्षं चार महिन्यांची आहे. लागलात तेव्हा बेसिक (मूळ पगार) पंधरा हजारांच्या आत होता, त्यामुळे तुम्ही ईपीएफच्या पेन्शन योजनेत आहात. तिथं दहा वर्षं भरली की ५८व्या वर्षी आयुष्यभराच्या पेन्शनचा हक्क लागतो. आजच्या सूत्राने १५,००० गुणिले १० भागिले ७०, म्हणजे महिना साधारण २,१४०. रक्कम लहान वाटेल, पण ती तुमच्या एकटीच्या नावावर येईल, आणि गृहिणीच्या नावावर म्हातारपणी असं फार थोडं येतं. दहा वर्षांच्या आत सोडलंत आणि पेन्शनचे पैसे काढून घेतलेत, तर ही सगळी वर्षं पुसली जातात. ग्रॅच्युइटीचंही तसंच: शेवटचा बेसिक २१,००० धरला तर आज नऊ वर्षांची १,०९,०००, दहा वर्षं पुरी झाल्यावर १,२१,०००. पीएफला मात्र हात लावू नका. नोकरी सुटली तरी त्यावर व्याज चालू राहतं, आणि कार्पेटसाठी किंवा फ्रिजसाठी तो मोडलेला मी फार घरांत पाहिला आहे.

या आठ महिन्यांत घर फक्त ५२,०००वर चालवून बघा. तुमच्या पगारातून आयाबाई, पेट्रोल आणि दशांश भागवा आणि उरलेले २०,७०० एक तारखेलाच वेगळ्या खात्यात टाका. जुलैपर्यंत १,६५,००० होतील. तुमची ९०,०००ची एफडी आणि ग्रॅच्युइटी धरली की ३,७६,००० जमतात. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवूनही थोडं उरतं. आणि ५२,०००त भागत नसेल तर ते नोकरी हातात असतानाच कळेल. जूनमध्ये मुलगी पहिलीत जाईल तेव्हा शाळेच्या दारात तुम्ही नसाल, हे मला ठाऊक आहे. त्या आठवड्यासाठी रजा राखून ठेवा.

आता ज्यावर तुमच्या पत्रात एक ओळही नाही, त्यावर मी जास्त बोलणार आहे. तुम्ही घरी बसलात की चार माणसांचं पोट एका माणसाच्या पगारावर येतं, आणि त्या माणसाचा विमा आहे पाच लाखांचा. कर्जच २१ लाख आहे. पंडिता रमाबाईंवर १८८२ साली वैधव्य आलं तेव्हा त्यांची लेक मनोरमा वर्षाचीही नव्हती. रमाबाईंपाशी विद्या होती. पुढच्या वर्षी त्या लेकीला घेऊन इंग्लंडला गेल्या, त्या प्रवासाला स्वतः लिहिलेल्या पुस्तकाच्या विक्रीचा पैसा उपयोगी पडला. पुढे विश्वासात अढळ ठरलेल्या त्या बाईलाही हातात काहीतरी असावं लागलं. प्रभू सांभाळतो यावर माझाही भरवसा आहे, म्हणूनच त्यानं दिलेली साधनं वापरा असं म्हणते.

यजमानांचा एक कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे फक्त मृत्यूनंतर रक्कम देणारा विमा, घ्या, अंदाजे १,२०० रुपये महिना. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर आणि आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. पॉलिसी घेताना १८७४च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्यायची आहे असं फॉर्मवरच सांगा. मग ती रक्कम तुमची आणि मुलांची राहते, कर्ज देणाऱ्यांना त्यावर हात टाकता येत नाही. तुमचा पंचवीस लाखांचा प्लॅन नोकरी असतानाच घ्या, गृहिणीला नंतर कंपन्या हात आखडता घेतात. महिना ४०० धरा. तुमच्या फर्मचा मेडिक्लेम राजीनाम्याबरोबर संपेल, म्हणून चौघांचा स्वतःचा, साधारण १,४००. जुनी २,०००ची पॉलिसी सात वर्षं भरलीय, ती पेडअप करा, म्हणजे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवा. विम्याची ओळ २,०००ची ३,००० होते आणि उरलेला हजारही जातो. त्याचं पुढे बोलते.

फ्लॅट फक्त यजमानांच्या नावावर आहे, पण कर्जाच्या कागदावर सही तुमचीही आहे. म्हणजे देणं दोघांचं आणि घर एकाचं. याला कुणाची वाईट नियत नाही, घाईत असंच होतं. बँकेची संमती घेऊन अर्धा हिस्सा बक्षीसपत्राने तुमच्या नावावर करून घ्या. पत्नीला राहतं घर देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार काय लागतो ते दुय्यम निबंधकांकडे विचारा.

आणि मृत्युपत्र. आपल्या ख्रिस्ती लोकांना भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर पत्नीला एक तृतीयांश आणि मुलांना मिळून दोन तृतीयांश जातं, मुलगा-मुलगी सारखे. ऐकायला न्याय्य आहे. पण मुलं अठराच्या आतली असताना त्यांचा हिस्सा विकायचा तर आईलाही कोर्टात जावं लागतं. दोघांनीही मृत्युपत्र करा. साक्षीला सही तुमची किंवा ज्याला काही मिळणार आहे त्याची नको. आपल्या कायद्यात साक्षीदाराला, आणि त्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला, दिलेली देणगी रद्द ठरते. चर्चमधली दोन वडीलधारी माणसं बोलवा.

तुमच्या महिला मंडळात कुणी म्हणालं की देवभीरू बाईनं कमाईकडे बघू नये. मी नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय पुन्हा उघडला. ती बाई शेत पारखून विकत घेते, स्वतःच्या हातच्या कमाईने द्राक्षमळा लावते, पट्टे विणून व्यापाऱ्यांना देते. घर तिच्या हातून कुठेच सुटत नाही. तुम्हाला टॅली येतं. कळंबा रोडवरच्या दोन दुकानांचे हिशेब बाळ झोपल्यावर दीड तास केलेत तर चार-पाच हजार येतील. घरखर्चातला तो शून्य त्यानं भरेल, त्यातले दोन हजार तुमच्या नावाच्या पीपीएफला टाका. हे बंधन नाही. पण सध्याच्या आकड्यांत ते नसेल तर बचत होत नाही, हे मी लपवणार नाही.

सासूबाई विरोधात आहेत म्हणून तुम्ही दुखावल्या आहात. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात आयुष्यभर रात्रपाळ्या केलेल्या त्या नर्स. नाताळला नातवंडांचे कपडे अजून स्वतःच्या पैशातून घेतात, असं तुम्हीच लिहिलंय. तुमच्या पाचारणाला त्या नाही म्हणत नसाव्यात, उद्या सुनेचा हात रिकामा राहील अशी त्यांना धास्ती असावी. वरची पेन्शनची आणि फ्लॅटची गोष्ट त्यांना आधी दाखवा.

शेवटचा प्रश्न तुम्ही अगदी खाली, बारीक अक्षरात लिहिलाय: आयाबाईंना कसं सांगू? त्यांना मे महिन्यातच सांगा, म्हणजे जूनमध्ये दुसरं बाळ शोधायला वेळ मिळेल. निघताना एक महिन्याचे ७,००० जादा द्या, उरणाऱ्या शिलकेत ते बसतात. तुमच्या पगारातून त्यांचंही घर चाललंय, आणि बाळाचं पहिलं पाऊल त्यांनीच तुम्हाला दाखवलं आहे.