कॅसिनो हॉटेल : मालक कोण, चालक कोण?

प्रश्न : लास व्हेगासचं बेलाजिओ २०१९ मध्ये विकलं गेलं, असं वाचलं. पण कारभार तर अजून एमजीएम या कॅसिनो कंपनीचाच आहे. मग विकलं काय?

उत्तर : जमीन आणि इमारत. स्टीव्ह विन यांच्या मिराज रिसॉर्ट्‌सने १९९८ मध्ये उघडलेलं हे हॉटेल २००० साली कंपनीसकट एमजीएमकडे आलं. २०१९ मध्ये एमजीएमने वास्तू सुमारे ४.२५ अब्ज डॉलरला ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीसोबतच्या भागीदारीला विकली, त्यात ५ टक्के हिस्सा राखला आणि त्याच व्यवहारात ती ३० वर्षांसाठी भाड्याने घेतली. पहिल्या वर्षाचं भाडं २४.५ कोटी डॉलर, म्हणजे किमतीच्या सुमारे पावणेसहा टक्के. शिवाय मालमत्ता कर, विमा आणि देखभाल भाडेकरूकडेच.

विकणाऱ्याच्या हाती एकरकमी रोकड येते, हा मोठा फायदा. पण जुगाराची कमाई वरखाली होते, भाडं ठरलेलं असतं. २०२० मध्ये नेवाडा राज्यातले, म्हणजे लास व्हेगासचेही, कॅसिनो मार्चच्या मध्यापासून ४ जूनपर्यंत बंद होते. भाड्याचं देणं थांबलं नव्हतं. म्हणून अशा कंपनीचा ताळेबंद वाचताना भाडं देण्याआधीची कमाई भाड्याच्या किती पट आहे, हे आधी पाहा. ती जेमतेम असेल तर पहिली कात्री खोल्यांच्या नूतनीकरणाला लागते, आणि जुनाट खोल्यांकडे गिऱ्हाईक पाठ फिरवतं.

कधी नावही तिसऱ्याचंच असतं. २०२२ च्या अखेरीस लास व्हेगासच्याच मिराज हॉटेलचा कारभार हार्ड रॉक कंपनीने घेतला, जमीन व्हिची प्रॉपर्टीज या दुसऱ्या कंपनीची होती आणि ‘मिराज’ हे नाव एमजीएमच्या परवानगीने चालू राहिलं.

प्रश्न : अटलांटिक सिटीचं रेव्हेल २.४ अब्ज डॉलर खर्चून बांधलं आणि ८.२ कोटींत गेलं. इतकी घसरण कशी?

उत्तर : बांधकामखर्चावर किंमत ठरत नाही, कमाईवर ठरते. २०१२ मध्ये ते उघडलं तोवर शेजारच्या पेनसिल्व्हेनियात कॅसिनो आले होते, म्हणजे गिऱ्हाईक घराजवळच अडलं. दोनदा दिवाळखोरी होऊन सप्टेंबर २०१४ मध्ये टाळं लागलं. आमच्या मते खरी मेख वीजघराची. वीज आणि थंड-गरम पाणी पुरवणारं केंद्र वेगळ्या कंपनीचं होतं, आणि त्याच्या कर्जाचा भार हॉटेलशी केलेल्या करारातून फिटायचा होता. ११ कोटींची बोली लावणाऱ्या ब्रुकफील्ड कंपनीने याच कराराच्या वादावरून माघार घेतली. २०१५ मध्ये ८.२ कोटींना सौदा झाल्यावर केंद्राने वीजच तोडली. ही वास्तू २०१८ मध्ये ओशन नावाने पुन्हा उघडली. कुठलीही वास्तू घेताना असे जोडकरार आधी तपासावेत.

प्रश्न : मालक बदलला तर जवळच्या चिप्स (जुगारात पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) चालतात का?

उत्तर : कारभार चालू असेल तर नवा चालक सहसा त्या स्वीकारतो. नेवाडात परवाना हस्तांतरित होत नाही. नव्या चालकाला स्वतःची छाननी करून घ्यावी लागते. कॅसिनो बंदच होणार असेल, तर चिप्स वटवण्याची मुदत आणि जागा जाहीर होते. ती गाठा, नंतर त्यांना संग्राहकच विचारतात.