लहान शहरात राहणं नेमकं कसं असतं?

तुम्ही लिहिलंय की आजवरचं आयुष्य मोठ्या शहरात गेलं, आता काम घरून करता येतं, म्हणून बिऱ्हाड लहान शहरात हलवायचं मनात आहे. तिथे शांतता मिळते का आणि कंटाळा येतो का, हे दोन प्रश्न आहेत. मी दोन्हीकडे राहिले आहे. सोळा वर्षं मोठ्या शहरात आणि गेली अकरा वर्षं लहान शहरात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते: आवाज कमी असतो, शांतता मिळेलच असं नाही.

मला पहिला धडा एका वायरमनने दिला. आम्हाला येऊन दीडेक महिना झाला होता. घरातली जुनी वायरिंग बदलून घेतली आणि बिलावरून आमची जुंपली. मी तावातावाने बोलले, तोही बोलला, शेवटी पैसे टेबलावर आपटून मी विषय संपवला. मोठ्या शहरात तो खरोखरच संपला असता, कारण तो माणूस मला जन्मात पुन्हा दिसला नसता. इथे त्याच संध्याकाळी मुलीच्या शाळेत पालकसभा होती. शेजारच्या खुर्चीवर कोण, तर तोच. त्याची मुलगी आणि माझी मुलगी एकाच बाकावर बसायच्या. पुढच्या आठवड्यात कळलं की आम्ही ज्या डॉक्टरांकडे जायला लागलो होतो, त्या त्याच्या थोरल्या वहिनी.

माझ्या मते लहान शहर म्हणजे हेच. एकच माणूस तुम्हाला तीन-चार नात्यांनी भेटत राहतो, आणि बाकीचं बरंचसं, चांगलं आणि वाईट, त्यातूनच निघतं. मी समाजशास्त्र शिकले आहे (त्याचा आयुष्यात झालेला उपयोग साधारण एवढाच). मॅक्स ग्लकमन नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने अशा अनेकपदरी नात्यांना ‘मल्टिप्लेक्स’ म्हटलंय. सिनेमागृहाशी त्याचा काही संबंध नाही. आजच्या झांबियातल्या बारोत्से लोकांचा न्यायनिवाडा त्याने बघितला होता. त्याचं निरीक्षण असं की जिथे वादी-प्रतिवादींना उद्या पुन्हा एकमेकांबरोबरच राहायचं असतं, तिथे कोण बरोबर एवढं ठरवून भागत नाही. संबंध तुटणार नाहीत हे आधी बघावं लागतं. पालकसभेत त्या खुर्चीवर बसून मला हे परीक्षेपेक्षा कितीतरी चांगलं समजलं.

याचा फायदा असा की सहसा कुणी उघडउघड फसवत नाही. फसवलं तर तोंड लपवायला जागा नसते. एकदा रात्री दोन वाजता मुलीला दम लागला आणि औषध संपलेलं होतं. औषधाचं दुकान बंद होतं, पण ते चालवणारे गृहस्थ कुठे राहतात हे आम्हाला माहीत होतं. दार वाजवलं. ते झोपेतून उठून आले, दुकान उघडलं, आणि वर सकाळी विचारपूस करायला फोनही केला. मोठ्या शहरात रात्रभर उघडी असणारी दुकानं मिळतात, त्यामुळे कुणाला उठवावं लागत नाही. दोन्हीकडे औषध मिळतंच. फक्त इथे मी त्या माणसाचं देणं लागते, आणि ते पैशांत फिटणारं नाही.

तोटाही याच मुळाचा. मुलीची एक शिक्षिका वर्गात मुलांना फार लागट बोलायची. तक्रार करावी असं चार-पाच पालकांना वाटत होतं, पण एकीची ती नणंद, दुसऱ्याच्या बायकोची मैत्रीण, तिसऱ्याची भाडेकरू. वर्ष तसंच गेलं. मीही गप्प बसले. इथे खरं बोलायची किंमत जास्त असते, म्हणून लोक ते जपून, आडून, बहुधा तिसऱ्यामार्फत बोलतात. सरळ बोलायची सवय असेल तर पहिली दोन वर्षं तुम्हाला सगळे दुटप्पी वाटतील. तसं नसतं. त्यांना तीस वर्षांचा हिशोब सांभाळायचा असतो.

मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रम यांनी 1972 साली ‘ओळखीचे अनोळखी’ अशी एक कल्पना मांडली होती. रोज एकाच फलाटावर दिसणारी, पण कधीच न बोललेली माणसं. मोठ्या शहरात असताना अशी माझी वीसेक तरी माणसं होती, आणि एक सांगू? मला ती आवडायची. इथे अनोळखी माणूस फार दिवस अनोळखी राहतच नाही. तिसऱ्या दिवशी तो विचारतो, तुम्ही त्या कोपऱ्यावरच्या घरात नवीन आलात ना? मग तुमचं कुठलं, काय करता, घर भाड्याचं की स्वतःचं. मी एकदा सलग तीन दिवस रजा घेऊन घरी बसले, तर चौथ्या दिवशी नोकरी गेल्याचं सांत्वन करायला शेजारीण आली. तिचा हेतू वाईट नव्हता. तिने दोन ठिकाणी माझ्यासाठी शब्दही टाकून ठेवला होता!

तुम्ही कुटुंबाबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणून हे सांगते. चाकोरीतलं आयुष्य असेल तर ही विचारपूस ऊब देते. एकटे राहत असाल, घटस्फोट झाला असेल, किंवा चारचौघांसारखं जगायचं नसेल, तर तीच टोचते. माझी एक मैत्रीण याच कारणासाठी उलट दिशेने गेली. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी 1903 सालीच या गोष्टीच्या दोन्ही बाजू लिहून ठेवल्या आहेत: लहान गावाचं वर्तुळ माणसावर नजर ठेवतं, मोठं शहर त्याला मोकळं सोडतं, पण त्या गर्दीइतकं एकटंही कुठे वाटत नाही. मैत्रीण म्हणते, एकटेपणा परवडला. मी तिला चूक म्हणणार नाही.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे इथे बहुतेक गोष्टी एक किंवा दोनच असतात. रोजच्या गरजा सगळीकडे भागतात, कारण त्यांना गिऱ्हाईक रोजचं असतं. पण क्वचित लागणाऱ्या गोष्टीला पुरेशी माणसं मागे लागतात. लहान मुलांचा हृदयरोगतज्ज्ञ, जुनं वाद्य दुरुस्त करणारा, एखादी वेगळी भाषा शिकवणारा, अशी माणसं लहान शहरात टिकत नाहीत, कारण तेवढं काम तिथे निघत नाही. म्हणून घर बघण्याआधी नकाशावर सर्वांत जवळचं मोठं रुग्णालय किती तासांवर आहे ते बघा. घरात म्हातारं माणूस किंवा जुनाट आजार असेल तर बाकी सगळं नंतर.

नोकरीचंही तसंच. तुमचं काम घरून चालतं हे ठीक, पण ते थांबलं तर? आणि जोडीदाराचं काय? डोरा कोस्टा आणि मॅथ्यू कान या अर्थतज्ज्ञांनी 2000 साली दाखवलं होतं की अमेरिकेत दोघंही पदवीधर असलेली जोडपी मोठ्या महानगरांत जास्त जास्त एकवटत गेली. एक मोठं कारण अगदी साधं, दोघांना एकाच ठिकाणी मनासारखं काम मिळणं. आमच्या घरात माझं बस्तान बसलं आणि नवऱ्याने दोन वर्षं जे मिळेल ते केलं. त्या दोन वर्षांबद्दल आम्ही अजूनही जपूनच बोलतो. बरं, ओळखी असूनही त्याला काम का मिळेना? कारण इथे सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणजे सगळ्यांना त्याच चार जागांची माहिती असते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली मांडलं होतं की नवी बातमी दूरच्या, जुजबी ओळखीतून येते. आमच्याकडे जुजबी ओळखीचाच तुटवडा!

वेळ मात्र वाचतो, यात शंका नाही. मी रोज अडीच तास प्रवासात घालवत होते, आता पंचवीस मिनिटं. वाचलेल्या वेळात वाचन करीन, सतार पुन्हा हातात घेईन, असं ठरवून आले होते. सतार कोपऱ्यात आहे. तो वेळ माणसं खातात: कुणाला दवाखान्यात भेटून येणं, कुणाच्या मुलाचा अर्ज भरून देणं, वाटेत थांबून बोलणं. आधी चिडचिड व्हायची. आता मी घरून पाच मिनिटं लवकर निघते, वाटेतल्या गप्पांसाठी.

कंटाळ्याचं उत्तर राहिलं. पहिल्या वर्षी येतो, तेही संध्याकाळी. करमणूक विकत घेण्याची सवय असते आणि इथे विकत घेण्यासारखं फार नसतं. मग एक तर तुम्ही स्वतः काही सुरू करता, किंवा घरात बसून मोबाइल बघता. आम्ही सहा जणांनी दर पंधरवड्याला कुणाच्या तरी घरी वाचनाची बैठक सुरू केली. सहापैकी दोघांचं एकमेकांशी पटत नाही, तरी दोघं येतात, कारण दुसरी बैठकच नाही.

घर घेऊ नका, आधी वर्षभर भाड्याने राहून बघा. आणि आल्या आल्या बिलावरून भांडू नका.

हे उत्तर मी नाव न देता लिहितेय. तरी आमच्या शहरातल्या कुणी वाचलं तर वायरमनच्या परिच्छेदापाशीच मला ओळखतील, आणि उद्या सकाळपर्यंत त्याच्या वहिनींना कळेल.