हास्केल सोडू का?

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हौसेनं हास्केल ही फंक्शनल (गणिती फंक्शनांवर बेतलेली) प्रोग्रॅमिंग भाषा शिकलो. 60 एमबीच्या मराठी फाइलमधली अक्षरं मोजायला प्रोग्रॅम लिहिला (कोड सोबत आहे), तर त्यानं लॅपटॉपची मेमरीच खाऊन टाकली. मित्र म्हणतात, फंक्शनल भाषांना नोकरीत भाव नाही. सोडून देऊ का?

उत्तर : मित्रांचं अर्धं खरं आहे. निव्वळ हास्केलच्या जागा मोजक्याच निघतात. पण मेमरी संपली त्यात भाषेचा दोष किती आणि तुझा किती, ते आधी पाहू.

तुझ्या कोडमध्ये जिथे तिथे स्ट्रिंग आहे. हास्केलची स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची साखळी. 64 बिटांच्या मशीनवर जीएचसी (हास्केलचा कंपायलर) तिच्या एकेका कडीला 24 बाइट देतो, देवनागरी अक्षराला वेगळे 16. फाइलमध्ये तेच अक्षर यूटीएफ-8 (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) च्या 3 बाइटांत मावतं. म्हणजे 2 कोटी अक्षरं गुणिले 40, झाले 80 कोटी बाइट! गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी मोकळी करणारा) प्रत काढतो तेव्हा आणखी जागा लागते, ती वेगळीच. एकदाच वाचत पुढे सरकला असतास तर निभावलं असतं. तू आधी लांबी मोजलीस, मग तीच साखळी पुन्हा वाचलीस, मग कलेक्टर ती मेमरीतून सोडणार कधी?

स्ट्रिंगऐवजी हास्केलची टेक्स्ट लायब्ररी वापर, आवृत्ती 2.0 पासून ती आतून यूटीएफ-8 मध्येच साठवते. बाइटस्ट्रिंग लायब्ररीच्या चार8 मॉड्यूलला मात्र भुलू नकोस. ती अक्षराचे खालचे 8 बिटच ठेवते, मराठीचा पार चुराडा होतो. (मीही एकदा फसलोय.) कुठलं अक्षर किती वेळा आलं या मोजदादीला साध्या अॅरेऐवजी (कप्प्यांची रांग) यूअॅरे हा प्रकार घे. साध्याच्या कप्प्यात नुसता पत्ता असतो, त्या पत्त्यावर कधी कधी हास्केलनं पुढे ढकललेली, अजून न केलेली बेरीज. यूअॅरेत थेट संख्या.

आता नोकरीचं. ‘नमस्ते’ची लांबी टेक्स्ट 6 सांगते (मात्रा नि हलन्त वेगळे मोजून), रस्ट भाषेचं लांबी सांगणारं लेन 18 (बाइट मोजून), आणि वाचणाऱ्याला तीनच अक्षरं दिसतात. असं का, हे ज्याला समजावता येतं त्याला रस्ट, जावा किंवा नमपाय (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) परकं वाटत नाही. नमपायचा अॅरे तरी काय, एकाच टाइपच्या संख्या सलग मांडलेल्या. तेव्हा अर्ज रस्ट-जावाच्या जागांसाठी कर, हास्केल सोडू नकोस.

या आठवड्यात तोच प्रोग्रॅम टेक्स्ट आणि यूअॅरे घेऊन पुन्हा लिही. दोन्ही वेळचा मेमरी वापर मोज. आकडे आणि कारण, दोन ओळींत, बायोडेटात घाल.