चाट कुणाच्या खिशाला?

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली आणि रात्रीची झोप उडाली. कंपनीने वर्णद्वेषाविरुद्धचं २०२० मधलं निवेदन गुपचूप काढून टाकलं, तुमची विविधतेची समिती गुंडाळली, आणि तू राजीनाम्याच्या गोष्टी करतेस. एच-वन-बी व्हिसावर असताना! नोकरी सुटली की दुसरी शोधायला हाताशी साठ दिवस असतात, हे तुला मी सांगायचं?

ते निवेदन किती सुंदर होतं हे तू पुन्हा पुन्हा लिहिलंस. असेल. मला एवढंच सांग, त्यापायी चाट कुणाच्या खिशाला बसली? २ जून २०२० ला वर्णद्वेषाच्या निषेधात सगळ्यांनी इन्स्टाग्रामवर काळे चौकोन टाकले, त्याला दमडी लागली नाही. टार्गेट या दुकानांच्या साखळीचं बघ. कंपनी मिनिआपोलिसची, आणि मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाला पोलिसाने मारलं तेही त्याच शहरात. पुढच्या वर्षी त्यांनी जाहीर केलं की कृष्णवर्णीयांच्या व्यवसायांवर २०२५ अखेरपर्यंत दोन अब्ज डॉलर खर्च करू. आकडा होता, मुदत होती. जानेवारी २०२५ मध्ये राजकीय वारं फिरलं तशी विविधतेची, म्हणजे सगळ्या वर्णांना वाव देण्याची, उद्दिष्टं बासनात गेली. मग जॉर्जियातल्या एका पाद्रीबुवांनी लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, चाळीस दिवसांचा बहिष्कार पुकारला. विक्री घसरली, आणि कारणं देताना लोकांच्या नाराजीचा उल्लेख कंपनीलाही करावा लागला. खिशाची भाषा दोन्ही बाजूंना कळते.

पोलरॉइड या झटपट फोटोच्या कॅमेऱ्यांच्या कंपनीची हकीकत तुमच्या पिढीला ठाऊक नसणार. १९७० साली केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समध्ये कॅरोलाइन हंटर ही तरुण रसायनतज्ज्ञ आणि केन विल्यम्स हा छायाचित्रकार, दोघेही कृष्णवर्णीय, तिथेच नोकरीला होते. ऑफिसात त्यांच्या नजरेला एक नमुना ओळखपत्र पडलं, दक्षिण आफ्रिकेच्या खाण खात्याचं. आपल्या कंपनीचा झटपट फोटो तिथल्या काळ्या माणसाच्या पासबुकात, म्हणजे वर्णभेदी सरकारने सक्तीने बाळगायला लावलेल्या ओळखपुस्तिकेत, चिकटतो, आणि ते पासबुक जवळ नसलं तर पोलीस त्याला उचलतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी मागणी केली: त्या देशातून बाहेर पडा. कंपनीने काय केलं? १९७१ च्या जानेवारीत वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन ‘प्रयोग’ सुरू केला. सरकारला थेट विक्री बंद, वितरकाच्या काळ्या कामगारांना पगारवाढ, शिक्षणाला देणग्या. धंदा मात्र चालू. हंटरला त्याच वर्षी कामावरून काढलं. सहा वर्षांनी, १९७७ मध्ये, वितरक सरकारला चोरून माल विकत असल्याचं बाहेर आलं, तेव्हा कुठे पोलरॉइडने गाशा गुंडाळला. देणग्या दिल्या होत्या, पगार वाढवले होते, सगळं खरं. पण ज्या विक्रीवर घाव घालायचा होता, तिला सहा वर्षं कुणी हात लावला नाही.

आता माझं. तू लिहिलंस, ‘काका, तुम्ही तर कधी मोर्चात गेला नाहीत.’ नाही गेलो. मी खरेदी विभागात होतो. आमच्याकडे भिंतीभर समानतेची पोस्टर लागायची आणि पुरवठादाराचं बिल नव्वद दिवसांनी निघायचं. मोठ्या कंपनीला नव्वद दिवस म्हणजे काहीच नाही. न्यू जर्सीतल्या नेवार्कमधला एक कृष्णवर्णीय छापखानेवाला आमची पत्रकं छापायचा, त्याला दर शुक्रवारी कामगारांचे पगार द्यावे लागत. बँक कर्ज देईना. लहान पुरवठादाराला तीस दिवसांत पैसे द्या, एवढ्यासाठी मी वर्षानुवर्षं फायनान्सवाल्यांशी भांडलो. साहेब वैतागले, बढती हुकली, हुकू दे. अखेर कलम बदललं. तोवर छापखान्याला टाळं लागलं होतं, याची हळहळ अजून जात नाही. पण पोस्टर उतरली, समित्या आल्या-गेल्या, ते तीस दिवसांचं कलम निवृत्त होईपर्यंत मी खरेदीपत्रावर रोज बघत होतो. मोर्चात गेलो असतो तर दोन्ही झालं असतं, असं तू म्हणशील. झालं असतंही. कलम मात्र मोर्च्याने बदललं नसतं, आणि यावर मी वाद घालणार नाही.

तुझे बाबा म्हणतात, आपला काय संबंध. त्यांना सांग, आपल्याला हा देश उघडा झाला तो १९६५ च्या स्थलांतर कायद्याने, आणि तो कायदा कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या लढ्याने तापलेल्या हवेतच झाला. १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यु बॉइस या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहिलं होतं, तेही काही उगाच नाही. आणि इथे न्यू जर्सीत, एडिसनमध्ये, आडनाव विचारून मगच मोकळेपणी बोलणारी आपली मंडळी? त्याच जून २०२० च्या शेवटी कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्याने सिस्को या तंत्रज्ञान कंपनीवर एका दलित इंजिनिअरच्या वतीने जातिभेदाचा खटला भरला होता. कंपनीने आरोप नाकारले. पण तुमच्या नियमावलीत ‘जात’ हा शब्द आहे का, हे तू कधी पाहिलंस? अॅपलने घातला आहे.

राजीनामा राहू दे. पुरवठादारांना किती दिवसांनी पैसे मिळतात, बढतीच्या यादीवर सही कुणाची असते, आणि कुणाचा बोनस विविधतेच्या उद्दिष्टांना बांधला होता, हे शोध. कंपनीने स्वतः छापलेल्या वार्षिक अहवालातूनच शोध, गुपितं फोडू नकोस, मला जेलमध्ये डबा आणायची हौस नाही. सापडेल ते घेऊन रविवारी ये. काकूने थालीपिठाची भाजणी दळून आणली आहे. येताना बाबांनाही आण, त्यांच्याशी मला बोलायचं आहे.

तुझा,
काका